तोंडलीची वेल आणि शोभेचं गवत

तोंडली चिरायची असली की मी व्हरांड्यात येऊन बसते. ओट्याशी उभं राहायला गुडघे साथ देत नाहीत, आणि तोंडली हे घाईचं काम नाहीच. दोन्ही टोकं उडवायची, उभ्या चार फाका करायच्या, एखादं आतून लाल निघालं तर बाजूला ठेवायचं. काल आमच्या सुनेनं, श्वेतानं, अभनपूरच्या बाजारातून पिशवी भरून आणली. ताजी होती, देठाला चीक होता. चिरता चिरता बोटांना तो हिरवट, जरासा कडसर वास लागला आणि मी सुरी ताटलीत ठेवून उगाच बसून राहिले.

समोर कुंपणाच्या भिंतीलगत शोभेचं गवत डोलत होतं. नर्सरीवाला त्याला फाउंटन ग्रास म्हणतो. कमरेइतकं उंच, पात्यांचे झुबके कारंज्यासारखे सगळीकडे वाकलेले, आणि वर मांजरीच्या शेपटीसारखे मऊ, फिकट जांभळे तुरे. इथं नवा रायपुरात हे गवत रुंद रस्त्यांच्या मधोमधही लावलेलं आहे. आमच्या दाराशी त्याची अकरा ठोंबं आहेत. माझ्या शेजारच्या खुर्चीत आमचे हे बसले होते. उजवा हात उशीवर टेकवलेला, नजर गवतावर.

यांना लकवा झाला त्याला आता अडीच वर्षं होतील. सगळी नोकरी रायपूरजवळच्या उरला इथल्या लोखंडाच्या कारखान्यात गेली. भट्टीजवळ तीस वर्षं उभं राहिलेला माणूस, आवाज असा की दोन शेड पलीकडं ऐकू जावा. दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा तो आवाज नव्हता. समजायचं सगळं, पण शब्द तोंडाशी येऊन अडायचा. मग मुलगा म्हणाला, आई, आता शहरातल्या घरी तुम्ही दोघंच नको. आम्ही आमचा जुना पारा, म्हणजे मोहल्ला, तिथली गजबजलेली गल्ली, समोरचं चहाचं दुकान सोडलं आणि या मोकळ्या, वाऱ्याच्या गावात आलो. इथं बस तासाभरानं येते. पलीकडचा प्लॉट रिकामा आहे. माझ्या मनानं मी आले नव्हते, हे मी कुणाला सांगितलं नाही, पण सगळ्यांना कळत असणार.

आम्ही आलो आणि पंधरा दिवसांत श्वेतानं हे गवत लावून घेतलं. त्या भिंतीवर माझा डोळा होता. पूर्वेचं ऊन होतं, माती बरी होती. मी म्हटलं, "श्वेता, इथं तोंडलीची वेल लावू ना. घरची भाजी होईल."

श्वेता दुर्गच्या मराठी घरातली. मराठी सगळं कळतं तिला, उत्तर मात्र हिंदीत. ती म्हणाली, "मम्मी, बेल अगले साल लगा लेंगे. अभी ये लगाने दीजिए. इसको पानी भी कम लगता है, कीड़ा भी नहीं लगता."

"अन् भाजी बी नाई लागत," मी म्हटलं.

ती हसली. मी पण हसले, पण माझ्या हसण्यात खडा होता. पुढं कितीतरी महिने मी तो खडा वापरला. कुणी पाहुणं आलं की म्हणायची, "पाहा, आमच्या सुनबाईनं गवत पेरलं हाये, आता गाय आणायची बाकी हाये." माणसं हसायची. श्वेता चहा घेऊन यायची आणि कप पुढं करायची.

मी तिच्यावर चिडले होते ते गवतासाठी नव्हे. मला ती भिंत पाहिली की दुसरी एक भिंत आठवायची.

ती भिंत रेल्वेच्या क्वार्टरांची. माझे बाबा रेल्वेच्या कारखान्यात फिटर होते. वर्धेकडच्या खेड्यातून नोकरीसाठी रायपूरला आले आणि इथलेच झाले. दोन खोल्या, मागं छोटं अंगण, आणि अंगणाला माझ्या तेव्हाच्या हनुवटीइतकी विटांची भिंत. भिंतीपलीकडं बिसाहिन काकी. तिच्या आधीची भावंडं जगली नव्हती, म्हणून ही जन्मली तेव्हा तिच्या आईनं तिला मूठभर धानाच्या बदल्यात शेजारणीला दिलं आणि लगेच परत घेतलं. विकत घेतलेली, म्हणून बिसाहिन. हे नाव ती इतक्या ऐटीत सांगायची की आपल्यालाही असं कुणीतरी विकत घ्यायला हवं होतं असं मला वाटायचं.

तिचं माहेर अभनपूरकडचं. एका फाल्गुनात माहेराहून येताना तिनं पेन्सिलीएवढ्या जाडीच्या दोन काड्या ओल्या फडक्यात गुंडाळून आणल्या आणि भिंतीवरून माझ्या मायच्या हातात दिल्या.

"ये डारा ला भुइयां मा गड़िया दे दीदी. पानी जादा झन देबे."

जमिनीत खोच, पाणी जास्त देऊ नको. तिच्या अंगणात दिवसभर सावली असायची, ऊन आमच्याकडं. म्हणून मूळ आमच्याकडं लागलं. पण वेलीला कुठं अंगण कळतं? पावसाळ्यापर्यंत ती भिंत चढली आणि काकीच्या बाजूला बांधलेल्या बांबूच्या मांडवावर जाऊन पसरली. तोंडलीला बी पेरत नाहीत. कुणाकडून तरी काडी मागावी लागते, नाहीतर कुणीतरी आपणहून द्यावी लागते. माय म्हणायची, "हे भाजी मागितल्याबिगर घरात येत नाई."

किती गोष्टी होत्या त्या वेलीभोवती. पहाटे पांढरी, पाच पाकळ्यांची, चांदणीसारखी फुलं. पानांवर भुरभुरलेली चुलीची राख, आणि राखेतून हात घालून तोंडली तोडली की मनगटापर्यंत होणारे करडे मोजे. पिकून लाल झालेल्या तोंडल्यांवर बुलबुलांची भांडणं. माय तिळाचा कूट घालून कोरडी भाजी करायची. भिंतीपलीकडून लसूण आणि लाल मिरचीच्या फोडणीचा ठसका यायचा आणि दोन्हीकडं एकदमच शिंका सुरू व्हायच्या. उन्हाळ्यात काकी बासी खायची, रात्रीचा पाण्यात ठेवलेला भात, आणि सोबत तव्यावर खरपूस केलेली तोंडली. परीक्षेच्या दिवसांत मात्र माय आम्हा बहिणींना तोंडली देत नसे. तोंडल्यानं बुद्धी मंद होते म्हणे. परीक्षा संपली की पहिल्या जेवणात तीच भाजी, आणि आता खुशाल मंद व्हा असा तिचा चेहरा.

एक गोष्ट मात्र आम्हा पोरींनाही ठाऊक होती. काकी आमच्या अंगणातली कच्ची तोंडली घ्यायची, पण आमच्या घरचा चहा घेत नसे. मायनं विचारलं की म्हणायची, "आत्ताच पिऊन आले." आम्ही बौद्ध. आमच्या भिंतीवरच्या तसबिरी तिला दिसत होत्या. तिच्या घरात तिची सासू होती, आणि सासूच्या पलीकडं तिचं सगळं गाव. कच्चं चालायचं, शिजलेलं नाही. माय एकदाच विचारायची, दुसऱ्यांदा नाही. कपात ओतलेला चहा ती स्वतः पिऊन टाकायची. तिच्या तोंडावर मी कधी राग पाहिला नाही, पण त्या कपाकडं ती बघत नसे.

मी अकरा वर्षांची असताना माय आजारी पडली. छातीचा आजार. तिला दूरच्या दवाखान्यात ठेवलं आणि पोरांनी यायचं नाही असं सांगितलं. घरात बाबा, मी आणि सहा वर्षांची नंदा. बाबांची पाळी सकाळची असली की ते अंधार सरायच्या आत निघायचे. पहिल्या दिवशी मी भात टाकला. खालून करपला, वरून कच्चा राहिला. नंदानं ताट बघितलं आणि भोकाड पसरलं. मीही रडायला लागले, पण आवाज न करता, कारण मी मोठी होते.

भिंतीवरून दोन हात आले. हातांत पितळी ताट.

"नोनी, थारी ला धर."

पोरी, ताट धर. भात, वरण, आणि बाजूला तोंडल्याची भाजी, लसणाची. आमच्याच वेलीची. आम्ही एकाच ताटात जेवलो. त्या दिवसापासून रोज दुपारी बाराच्या भोंग्यानंतर ते हात यायचे. ताट मी घासून परत द्यायची. ती ते पुन्हा एकदा घासून घेते, हे मला भिंतीपलीकडून येणाऱ्या राखेनं घासण्याच्या आवाजावरून कळायचं. मला त्याचं वाईट वाटायचं का? वाटायचं. आणि दुसऱ्या दिवशी बारा वाजता मी भिंतीपाशी उभी असायची. दोन्ही खरं होतं.

थंडी पडली तशी वेल वाळली. पानं पिवळी पडून गळाली, मांडवावर नुसत्या सुतळ्या लोंबकळत राहिल्या. बाबा दर रविवारी मायला भेटून यायचे आणि विचारलं की "बरी हाये" म्हणायचे, पण आमच्याकडं न बघता. एका संध्याकाळी मी वेलीच्या बुंध्याशी बसले होते. काकीनं भिंतीवरून डोकावून विचारलं, काय झालं. मी म्हटलं, "वेल मेली."

ती आत गेली. मला वाटलं, निघून गेली. पण ती घराला वळसा घालून, आमच्या पुढच्या दारातून, दोन्ही खोल्या ओलांडून अंगणात आली. आमच्या घरात ती पहिल्यांदाच अशी आत आली होती. माझ्याजवळ उकिडवी बसली, बोटांनी माती उकरली आणि माझा हात धरून त्या मातीत घातला. खाली रताळ्यासारखं जाड मूळ होतं. गार नव्हतं.

"मरे नइ हे नोनी. सुते हे."

मेली नाही, झोपली आहे. मग तिनं माझी वेणी सोडली, तिथंच अंगणात बसून विंचरली आणि इतकी घट्ट घातली की माझे डोळे ताणले गेले. त्यानंतर ती रोज पुढच्या दारानं यायला लागली. ताट भिंतीवरून येणं बंद झालं, ती स्वतः घेऊन यायची. नंदाचे दात घासून द्यायची. मला भात शिकवला, बोटाच्या पेरानं पाणी मोजायला शिकवलं.

फाल्गुनात वेल फुटली. पण माय आली नाही. मी रोज कोंब बघायची आणि माझा त्या वेलीवरचा विश्वास उडत चालला. चैत गेला, वैशाख गेला. वेल भिंत चढली, मांडवावर पोचली, तिला फुलं आली. मग एका दुपारी, आषाढ लागला होता, बाबा सायकलरिक्षातून तिला घेऊन आले. इतकी वाळली होती की नंदानं तिला ओळखलं नाही. ती माझ्या मागं लपली आणि काकीचा पदर धरला. मायनं ते पाहिलं. भिंतीला टेकून बसली आणि म्हणाली, "काय वास सुटला हाये."

मी भाजी केली होती. तोंडल्याची, तीळ घालून, मायसारखी. भातही मीच केला होता. काकी तिच्या घरचं वरण घेऊन आली होती आणि ठेवून निघाली होती.

माय म्हणाली, "बिसाहिन, तू बी बस. पोरीनं सैपाक केला हाये."

काकी उभीच राहिली. मला वाटलं, आता ती म्हणेल, आत्ताच जेवून आले. मायलाही तेच वाटलं असणार, कारण तिनं नजर खाली घेतली. मग काकीनं पदर खोचला आणि जमिनीवर मांडी घातली. मी वाढलं. भात जरा जास्तच पडला. तिनं पहिला घास घेतला, चावला, आणि मला म्हणाली, "नून कमती हे." मीठ कमी आहे. माय हसली. हसता हसता तिला खोकला आला आणि काकीनं तिची पाठ चोळली.

त्या संध्याकाळी भिंतीपलीकडं मोठं भांडण झालं. सासूचा आवाज, मग भांडं आपटल्याचा. पुढचे आठ दिवस काकी आली नाही. फक्त सकाळी तिचा हात मांडवातून तोंडली तोडताना दिसायचा. नंदा त्या हाताला खालून हाका मारायची. नवव्या दिवशी ती पुढच्या दारानं आली, चुलीपाशी बसली आणि स्वतःच म्हणाली, चहा टाक. मायनं टाकला. त्या चहात फारसं काही विशेष नव्हतं. गूळ जरा जास्त झाला होता.

पुढं बाबा निवृत्त झाले, क्वार्टर सुटलं. माझं लग्न झालं तेव्हा माझी ओटी काकीनं भरली. नंतर मी संसारात पडले. शहर एकच, पण जायचं जायचं म्हणत राहिले. तेवढ्यात ती माहेरच्या गावी राहायला गेली. ती वारल्याचं मला चार महिन्यांनी कळलं, तेही भाजीबाजारात, कुणा ओळखीच्या बाईकडून. त्या दिवशी मी काय भाजी घेतली ते आठवत नाही. तिनं आमच्यासाठी काय केलं, हे तिला मी शब्दांत कधी सांगितलं नाही. मायनं सांगितलं असेल, असं मी मनाशी धरून चालते.

म्हणून माझ्या डोक्यात भिंत म्हणजे वेल, असं बसलं होतं. वेल चढते, धरते, पलीकडं जाते, चार घरांना पुरते. गवत काय करतं? आपल्या जागी उभं राहतं आणि डोलतं. दोन्हींची तुलना मी मनातल्या मनात रोज करायची आणि दर वेळी गवताला हरवायची.

गेल्या वर्षीच्या चैतात यांना कसरत शिकवायला एक मुलगी यायची, डॉक्टरांनी पाठवलेली. एके सकाळी मी आत कणीक मळत होते. खिडकीतून त्या मुलीचा आवाज आला. ती श्वेताला सांगत होती की अंकल आता नजर बराच वेळ स्थिर ठेवतात, पहिल्यासारखे दमत नाहीत. श्वेता म्हणाली, "टीवी से तो पापाजी को चक्कर आता था. दिन भर दीवार देखते रहते थे. मैंने नर्सरी में जाकर बोला, कुछ ऐसा दो जो हमेशा हिलता रहे. हल्की हवा में भी. तो उन्होंने ये घास दी."

मी मळता मळता थांबले. मग ती हळू आवाजात म्हणाली, "मम्मी को पसंद नहीं है. कोई बात नहीं."

मी हात तसेच कणकेचे घेऊन दारात आले. त्या वेळी मी पहिल्यांदा ते गवत नीट पाहिलं, म्हणजे यांच्या खुर्चीच्या उंचीवरून, यांच्या बाजूनं. वारा नावालाच होता. तरी तुरे एका बाजूनं वाकायला सुरुवात करत आणि ते वाकणं अकराही ठोंबांतून पार शेवटापर्यंत जाई, मग परत येई. यांचा डावा हात मांडीवर होता आणि बोटं त्याच लयीत हलत होती. किती महिने हलत असतील! मी इथंच बसून तोंडली, गवार, मेथी निवडत होते आणि माझं लक्ष नव्हतं. तेवढ्यात दोन मुनिया आल्या. एवढ्याशा, तपकिरी. एकीनं तुऱ्यावर बसून त्यातली एक लांब काडी चोचीत ओढली, ओढताना तुऱ्यासकट खाली झुकली, आणि काडी घेऊन रिकाम्या प्लॉटमधल्या बाभळीकडं उडाली. घरट्यासाठी. यांची मान तिच्यामागं वळली, पार बाभळीपर्यंत. ती मान उजवीकडं वळवायला आम्ही सगळे वर्षभर विनवत होतो.

ती कसरतवाली मुलगी टाळी वाजवून म्हणाली, "देखा दीदी!"

त्या दुपारी श्वेता ऑफिसला सुट्टी घेऊन घरीच होती. मी तिला तेलाची वाटी घेऊन हाक मारली. "ये, बस इथं." ती संकोचली. लग्नाला नऊ वर्षं झाली, मी तिच्या केसांना कधी हात लावला नव्हता. ती पायरीवर बसली, माझ्याकडं पाठ करून. मी तेल लावत राहिले. तिचे केस मऊ आहेत, माझ्या बोटांतून निसटत होते.

"श्वेता," मी म्हटलं, "मी काहीबाही बोलत राहिली. मले मालूम नोतं. तू लय चांगलं केलं."

तिनं मान जराशी वळवली. मग म्हणाली, मराठीत, शब्द शोधत, "मम्मी, वेल पण लावू. तुम्ही सांगा कुठे."

मी म्हटलं, "राहू दे. पलीकडं कोणी राहाले येईल तवा पाहू." हे मी रागानं म्हटलं नाही. तोंडली पलीकडं कुणीतरी असलं तरच लावावी, नाहीतर ती द्यायची कुणाला? तोपर्यंत अभनपूरचा बाजार आहे, आणि श्वेता बरोबर निवडून आणते, कोवळी, नखानं टोचून बघते. आता मी गवताला पाणी घालते. माघात ते जमिनीपासून वीतभर ठेवून कापावं लागतं, तेही यंदा मीच कापलं. नर्सरीवाला म्हणाला होता, घाबरू नका, येईल. मी घाबरले नाही.

गेल्या आठवड्यात मुलानं विषय काढला. आमचं पाऱ्यातलं घर बंद पडून आहे. तिथं परत जायचं माझ्या मनात आहे का, की इथंच राहायचं, ते सांग म्हणाला. वर्षभर मी याच प्रश्नाची वाट बघत होते. उत्तरही तयार होतं. पण विचारलं तेव्हा ते उत्तर मला सापडेना. संध्याकाळची वेळ, सगळे व्हरांड्यात. श्वेता चहाचे कप ठेवत होती. मी यांच्याकडं वळून म्हटलं, "तुमीच सांगा. इथंच राहाचं काय?"

मी उत्तराची अपेक्षा केली नव्हती. ती सवयच गेली होती. यांनी ओठ जुळवले, गळ्याची शीर ताठ झाली, आणि मग स्पष्ट, थोडा घोगरा, पण भट्टीपाशी उभं राहणाऱ्या त्या माणसाचा आवाज आला.

"हव."

आम्ही एकमेकांकडं बघितलं. चाळीस वर्षांत यांनी मला कधी 'हव' म्हटलं नव्हतं. घरात 'हो', बाहेर 'हाँ'. हे छत्तीसगढी 'हव' त्यांच्या कारखान्यातलं, भट्टीवरच्या माणसांचं, आम्हा कुणाला ठाऊक नसलेल्या त्यांच्या दिवसांचं. कुठं जपून ठेवलं होतं कोण जाणे. श्वेता हसायला लागली, हसता हसता डोळे पुसू लागली. "पापाजी छत्तीसगढ़ी में बोले!" मुलगा उठून आत गेला आणि बराच वेळ बाहेर आला नाही.

मी चहाचा कप यांच्या डाव्या हातात दिला आणि तोच प्रश्न पुन्हा विचारला. उत्तर मिळालं होतं. मला नुसतं ऐकायचं होतं.